वीस मिनिटांनी मोठी

घरात तिला सगळे मोठी म्हणायचे. तशी ती मोठी म्हणजे किती, तर वीस मिनिटांनी. दोघी जुळ्या. एकच कपाळ, एकच नाक, हसताना डावीकडे जरा वाकडी होणारी एकच जिवणी. धाकटीने काच फोडली की धपाटा मोठीच्या पाठीत आणि मोठीने पाढे म्हटले की शाबासकी धाकटीला, असा घरात कारभार चालायचा. त्यावर दोघी तोंडात फ्रॉकची कड कोंबून हसायच्या.

ते हसणं आता फार मागे पडलं होतं. मोठी चोपन्न वर्षांची झाली होती, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहत होती आणि धाकटीशी नऊ वर्षांत एक शब्द बोलली नव्हती.

ती कवळ्या बनवायची. डॉक्टरांकडून माणसांच्या तोंडाची मापं यायची, त्यात ती प्लास्टर ओतून साचा काढायची, साच्यावर मेणाच्या हिरड्या चढवायची आणि त्या मेणात एकेक दात बसवायची. गल्लीच्या टोकाला, लोखंडी जिना चढून गेलं की ही लॅब. खिडकीशी तिचं टेबल, टेबलावर दिवा, हाताशी मेण तापवायची बारीक ज्योत. काम असं की शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू तिच्या हातून घडलं होतं, पण त्यातलं एकही तिने पाहिलं नव्हतं. माणसं डॉक्टरांकडे यायची, तिच्याकडे यायचे ते फक्त साचे. त्यांच्यावर पेन्सिलीने आकडा लिहिलेला.

मालक बरे होते. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात," ते दर नव्या माणसाला सांगायचे, "आमचं बघा, भरतंय." मोठीने हा विनोद सतरा वर्षं ऐकला होता आणि सतरा वर्षं ती त्यावर मान डोलवत आली होती.

शनिवारी लॅब एक वाजता बंद व्हायची. एका सोमवारी सकाळी फोन वाजला, तिने उचलला आणि "हॅलो" म्हणायला गेली तर घशातून नुसती घरघर आली.

"सर्दी झाली का हो बाई?" पलीकडून डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," ती खाकरून म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं. शनिवारी एक वाजता मालकांना "येते" म्हटलं, त्यानंतर तिने तोंड उघडलं ते आत्ताच. मधल्या दोन दिवसांत दूधवाल्याशीसुद्धा बोलणं झालं नव्हतं. पिशवी दाराला अडकवलेली असायची. त्या दिवशी ती दिवसभर अधूनमधून उगाच खाकरत राहिली.

त्याच आठवड्यात ग्रंथालयाच्या दारावर तिने एक कागद पाहिला. "राशीची वही. दर शनिवारी दुपारी तीन. भविष्य सांगितलं जाणार नाही." शेवटची ओळ तिला आवडली. भविष्याची तिला तशीही काही उत्सुकता नव्हती. पुढचा सोमवार कसा जाणार ते तिला ठाऊक होतं.

मासिकांच्या खोलीत एका टेबलाभोवती चौघं बसली होती. ग्रंथपाल बाई, बसमधून निवृत्त झालेले एक कंडक्टर, शेजारच्या रस्त्यावरची शिंपीण आणि एक तरुण आई, जी उघडच सांगायची की मी इथे तासभर शांत बसायला येते, राशीबिशीचं मला काही नाही.

"तारीख सांगा," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. मोठीने सांगितली. "वृश्चिक," म्हणत त्यांनी तिच्यापुढे एक टंकलेला कागद सरकवला. त्यावर दहा-बारा ओळी होत्या. तीक्ष्ण नजर. चिकाटी. मनात धरून ठेवतात. प्रेम करतील तर जिवापाड. गुपित राखतात.

"हे खरं असतं का?" मोठीने विचारलं.

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "तारे आपल्याबद्दल काय म्हणतात ते तारे जाणोत. पण 'स्वतःबद्दल लिहा' म्हटलं की माणसं मूग गिळून बसतात. 'वृश्चिक माणूस हट्टी असतो' म्हटलं की लगेच, मी नाही हो तशी, म्हणून दोन पानं लिहितात. एक ओळ घ्यायची. या आठवड्यात हे कुठे दिसलं, कोणत्या दिवशी, कोणासमोर, एवढंच लिहायचं. नाहीच दिसलं तर तसं लिहायचं. वही कोणी बघणार नाही. वाटलं तर एखादं वाक्य वाचून दाखवायचं."

"मी मीन," कंडक्टर म्हणाले. "मीन म्हणे हळवी असते. मी अडतीस वर्षं लोकांना बसमधून उतरवलंय. पहिला आठवडा वही कोरीच होती."

मोठीला शनिवारची सवय लागली. तीक्ष्ण नजरेच्या ओळीखाली तिने लिहिलं की मंगळवारी एका साच्यासाठी पांढरेशुभ्र दात आले होते आणि माणूस ऐंशी वर्षांचा होता. तिने पिवळसर छटेचे मागवून घेतले, म्हणजे ते त्याचे स्वतःचे वाटतील. चिकाटीखाली तिने तीन पानं भरली. लिहिताना तिला बरं वाटायचं. आपण आठवडाभर कुठेतरी होतो, काहीतरी करत होतो, याचा पुरावा मिळाल्यासारखं.

मग 'मनात धरून ठेवतात' ही ओळ आली. तिच्याखाली तिने एकच वाक्य लिहिलं आणि वाचूनही दाखवलं. "हे माझ्या बहिणीला लागू आहे."

"बहिणीची रास कोणती?" शिंपिणीने विचारलं.

"हीच. आम्ही जुळ्या."

सगळी हसली. त्या हसण्यात टोचणारं काही नव्हतं, तरी मोठीने वही मिटली. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "बहिणीची वही बहीण लिहील. तुम्ही तुमची लिहा."

पुढची ओळ होती, 'गुपित राखतात'. तिच्याखाली तीन आठवडे काही लिहिलं गेलं नाही. ती शनिवारी यायची, वही उघडायची, पेनाचं टोपण काढायची आणि लावायची. चौथ्या शनिवारी, बाकीचे खाली मान घालून लिहीत असताना, तिने लिहायला सुरुवात केली आणि थांबलीच नाही.

आईची शेवटची चार वर्षं मोठीने काढली होती. धाकटी लग्न होऊन दुसऱ्या गावी, बसने पाच तासांवर. आईला हळूहळू काही आठवेनासं झालं. मोठी तिला अंघोळ घालायची, भरवायची, अंथरूण बदलायची, आणि आई तिला हाक मारायची ती धाकटीच्या नावाने. चेहरा एकच, मग दोष कोणाला द्यायचा? "तू किती लांबून येतेस गं," आई म्हणायची, "ती मोठी बघ, फिरकतसुद्धा नाही." मोठी ऐकून घ्यायची आणि चमचा पुढे करायची.

शेवटी आईला दवाखान्यात ठेवावं लागलं. एका सोमवारी सकाळी तिथले डॉक्टर म्हणाले, "एक-दोन दिवस. कोणाला बोलवायचं असेल तर आज बोलवा." मोठी खोलीत परत गेली. आईने डोळे उघडले, तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "मोठे, ये. बस इथे."

त्या दिवशी मोठीने फोन केला नाही.

मंगळवारी दुपारी बारा वाजता केला. चार वाजता आई गेली. धाकटी पोहोचली तेव्हा दिवे लागले होते. आणि पंधरा दिवसांनी, आईचं कपाट आवरताना, नातेवाइकांच्या देखत मोठी म्हणाली होती, "ज्याला यायचं असतं तो वेळेवर येतो." धाकटीने हातातली घडी घातलेली साडी तशीच खाली ठेवली, पिशवी उचलली आणि निघून गेली. नऊ वर्षं झाली. मोठी सगळ्यांना सांगत आली की बहीण फार मनात धरून ठेवते.

वहीत तिने शेवटी लिहिलं, "ती आली तर आई पुन्हा तिलाच हाक मारेल, असं मला वाटलं. मला तो एक दिवस हवा होता."

त्या शनिवारी तिने काही वाचून दाखवलं नाही. कोणी विचारलंही नाही. कंडक्टरांनी मात्र निघताना तिच्यासाठी दार जरा जास्त वेळ धरून ठेवलं.

पुढच्या रविवारी सकाळी ती बसमध्ये बसली. वही पिशवीत होती, पण ती दाखवायची नाही हे तिने ठरवलं होतं. लिहिलेलं पुढे करून आपण गप्प बसायचं, यात काही अर्थ नव्हता. धाकटीच्या गावात उतरल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानदाराने तिला पाहून विचारलं, "आज चष्मा विसरलात?" धाकटीला चष्मा लागला, हे तिला असं कळलं.

दार धाकटीने उघडलं. केस पिकलेले, चष्मा जाड. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आरशात पाहावं आणि आरसा नऊ वर्षं मागेपुढे झालेला असावा, तसं काहीतरी मोठीला वाटलं.

"ये," धाकटी म्हणाली. आतून मेहुणे आले, "या, या" म्हणाले, दोघींच्या चेहऱ्यांकडे पाहून त्यांनी वर्तमानपत्र उचललं आणि ते मागच्या अंगणात जाऊन बसले.

चहा झाला. धाकटी बिस्कीट उजव्या बाजूनेच चावत होती. मोठीच्या ते लगेच लक्षात आलं. "डावीकडची दाढ गेली का? मी करून देते. माप तेवढं पाठव."

"आमच्याकडेही आहेत दातांचे डॉक्टर," धाकटी म्हणाली.

मग मोठीने सांगितलं. डॉक्टर सोमवारी काय म्हणाले, आई काय म्हणाली, फोन का केला नाही. कुठेही थांबली नाही, रडली नाही. रडलं तर धाकटीला समजूत काढावी लागेल आणि तेही तिच्यावर लादल्यासारखं होईल, असं तिला वाटलं.

धाकटी टेबलावरचे बिस्किटाचे कण बोटाने गोळा करत होती. "मला माहीत होतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच संध्याकाळी. मी जिन्यात होते, नर्स म्हणाली, तुमच्या बहिणीला कालच सांगितलं होतं आम्ही." तिने कण ताटलीत झटकले. "मला वाटलं, तू सांगशील. पंधरा दिवस वाट पाहिली. मग तू ते कपाटापाशी बोललीस. तेव्हा मी ठरवलं, आता तू सांगेपर्यंत यायचं नाही."

"नऊ वर्षं?"

"तू तरी कुठे लवकर आलीस, ताई?"

धाकटी तिला ताई फक्त चिडवताना म्हणायची. आत्ता ती चिडवत नव्हती. मागच्या अंगणातून पान उलटल्याचा आवाज आला.

"माफ कर असं म्हणायला आलेय मी," मोठी शेवटी म्हणाली.

"ते म्हणालीस," धाकटी म्हणाली. "मी लगेच काही म्हणणार नाही. मला जमत नाही ते. तू राग मानू नकोस आणि लगेच पुन्हा येऊही नकोस. मी बघते."

ती बसथांब्यापर्यंत सोडायला आली. बस आल्यावर तिने मोठीची पिशवी वर चढवून दिली. हात हलवला की नाही ते मोठीला दिसलं नाही, कारण तिला पलीकडच्या बाजूची जागा मिळाली होती.

पुढे पावणेदोन महिने काही झालं नाही. ग्रंथालयात शिंपीण यायची बंद झाली, मग तरुण आईसुद्धा. एका शनिवारी टेबलाशी तिघंच होती. ग्रंथपाल बाई म्हणाल्या की हा उपक्रम आता थांबवावा लागेल, खोली हवी आहे. कंडक्टरांनी आपला पत्ता एका चिठ्ठीवर लिहून मोठीला दिला, तिने तो वहीत ठेवला. लिहायचं तिने सोडलं नाही. घरी, जेवणाच्या टेबलावर, तीन वाजता ती वही उघडून बसायची. समोर कोणी खाकरत नव्हतं, कोणाचं पेन घरंगळून पडत नव्हतं, तेवढा फरक. 'गुपित राखतात' या ओळीखाली तिने लिहिलं, "या आठवड्यात दिसलं नाही." हे तिने लागोपाठ सात आठवडे लिहिलं.

मग एका मंगळवारी दुपारी लॅबमधला फोन वाजला. मालक जेवायला गेले होते. मोठीने नुकतंच एका मापात प्लास्टर ओतलं होतं, बोटं पांढरी झाली होती. तिने मनगटाने फोन कानाशी धरला.

"मी," पलीकडून आवाज आला. स्वतःचाच आवाज ऐकावा तसा. "बोलायला वेळ आहे का?"

"आहे."

"मला तो सोमवार सांग."

मोठी स्टुलावर बसली. "कुठून सांगू?"

"सकाळपासून. काही गाळू नकोस."

मग मोठीने सांगायला घेतलं. खिडकीचा पडदा अर्धा होता. आईने निळा झगा घातला होता, त्याचं वरचं बटण तुटलेलं. उकडलेलं सफरचंद दोन चमचे खाल्लं, तिसरा नको म्हणाली. दहा वाजता झोपली. अकराला उठून म्हणाली, माझे हात गार आहेत का बघ.

"होते?" धाकटीने विचारलं.

"होते. मी माझ्या हातात धरले."

"मग?"

"मग ती लहानपणच्या त्या काचेचं बोलली. म्हणाली, ती काच तू फोडली नव्हतीस, मला तेव्हाही माहीत होतं. उगाच मारलं तुला."

पलीकडे धाकटी हसली की तिने हुंदका दिला, ते फोनवर कळलं नाही.

"माझ्याबद्दल काही म्हणाली?"

इथे खोटं बोलणं सोपं होतं. एखादं गोड वाक्य, आणि ते खोटं आहे हे कधीच कोणाला कळलं नसतं. मोठीने पांढरी बोटं ॲप्रनला पुसली.

"नाही," ती म्हणाली. "सोमवारी नाही. पण त्याआधीची चार वर्षं ती रोज तुझ्याशीच बोलत होती. ते सगळं मी ऐकलंय. हवं असेल तर तेही सांगते."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग धाकटी म्हणाली, "आज सोमवारच सांग. दुपारी काय झालं?"

मोठी दुपारपासून पुढे सांगू लागली. जिन्यात मालकांची पावलं वाजली, ते आत आले, तिच्याकडे पाहून आपल्या टेबलाशी जाऊन बसले. प्लास्टर केव्हाच कडक झालं होतं. ती अजून सोमवारच्या तीन वाजेपर्यंतच पोहोचली होती.