कुंपणावरचा पेला

येळवस जवळ आली की ती केस माझ्याजवळ येऊन बसते आणि सण होईपर्यंत उठत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतलं बरंच विसरलो, आणि उरलेलं बायकोला इतक्यांदा सांगितलं की आता ती माझ्याआधी शेवट सांगून मोकळी होते. ही केस मात्र तिलाही ठाऊक नाही. नावं कुणाचीच लिहीत नाही.

दुष्काळाची वर्षं होती. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार म्हणून नुकताच हजर झालो होतो. कडक इस्त्री, चकचकीत बूट आणि डोक्यात हवा, असा एकूण थाट. ठाण्याच्या आवारातली विहीर कोरडी ठणठणीत होती. शिपाई मंडळी एका बादलीत दाढी, आंघोळ आणि उरलंच तर बनियन उरकत.

येळवस म्हणजे थंडीतली वेळ अमावस्या. त्या दिवशी तिकडे गावात माणूस सापडत नाही, जो तो आपल्या रानात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारायची, पाच दगड पांडव म्हणून पुजायचे आणि शेंगा-भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील असं जेवायचं. आंबील म्हणजे ताक आणि ज्वारीच्या पिठाचं आंबट पेय, वर लसूण-ओवा. ज्याला रान नाही त्याला रानवाला बोलावतो. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हात धरून पंगतीला बसवतात. गस्तीवर असताना मी स्वतः एकाच दिवशी तीन कोपींत जेवलो आहे.

त्या साली एका गावच्या सोसायटीच्या चेअरमननी सणाला जोडून अख्खं घर दोन दिवस रानात मुक्कामाला नेलं होतं. थोरले जावई फौजेत होते. त्यांनी सुट्टीवर येताना एक खाकी तंबू आणला होता आणि त्यात झोपायची सगळ्यांना हौस होती. चेअरमनची धाकटी मुलगी मास्तरकीचा कोर्स करून नुकतीच घरी आली होती. वसतिगृहात तिच्या खोलीत राहणारी मुलगी शेजारच्या गावच्या बौद्ध वस्तीतली. बाप दुष्काळी कामावर खडी फोडायचा. तिला रान नाही म्हणून चेअरमनच्या मुलीनं आग्रहानं मुक्कामाला बोलावलं. वस्तीतली इतकं शिकलेली ती पहिलीच मुलगी. शाळेवर हजर होण्याचा हुकूम आठवड्यापूर्वीच हाती पडला होता. चेअरमनच्या मुलीला मी इथं मैत्रीण म्हणतो आणि हिला पाहुणी, कारण ती पाहुणी म्हणूनच गेली होती.

अमावस्येच्या दुपारी जेवणं झाली. तासाभरात पाहुणीला उलट्या आणि झटके सुरू झाले. जीप मिळवून दवाखान्यात आणेपर्यंत ती गेली होती. चेअरमननी स्वतःच ठाण्यात खबर दिली. "पोरगी सकाळपासनं गप गप होती. गोठ्यातलं फवारणीचं औषध पिली." अकस्मात मृत्यूची नोंद झाली. मी दिवस असेतो रानात पोहोचलो आणि दोन पंच बसवून घटनास्थळाचा पंचनामा केला. तंबू, कोप, आंबिलीचं मडकं, पितळी पेले, गोठ्यात एंड्रिनची अर्धी बाटली. मी सांगत गेलो, हवालदार लिहीत गेले. मुलीनं विष घेतलं असावं, असं माझं मत झालं. वीस-बावीस वर्षांची मुलगी आणि औषधाची बाटली एका जागी दिसली की आम्हा पोलिसांचं मत फार लवकर होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा बाप ठाण्यात आला आणि कडुलिंबाखाली बसला. मी बोलावल्याशिवाय आत आला नाही. आला तेव्हा खिशातून तो हुकूम काढून त्यानं टेबलावर ठेवला.

"साहेब, सोमवारी लेक कामावर जाणार होती. तिनं जीव दिला न्हाय. तेवढं कागदावर लिव्हा, दुसरं काय मागत न्हाय."

"तपास चालू आहे," मी म्हणालो. हे वाक्य आम्हाला फार कामाला येतं.

"तिच्या मागं वस्तीतल्या आठ पोरी शाळंत जात्यात. आत्ताच लोक म्हणायलेत, शिकून काय झालं, औषधच पिली ना. तिनं जीव दिला असं लिव्हलं, तर त्या आठी घरी बसतील."

मी मान हलवली. तो उठला, दारात थांबला.

"समद्यांनी एकाच मडक्यातली आंबील पिली न्हवं? मंग आमच्याच लेकीला कशी बाधली? तिला कशात दिली व्हती, ते इचारलं का तुमी?"

मी विचारलं नव्हतं. तो गेल्यावर पंचनामा काढला. पितळी पेले सात. जेवायला माणसं होती आठ.

आठवा पेला मला लगेच आठवला. कोपीच्या डाव्या अंगाला बोराटीचं कुंपण होतं. त्यातल्या एका खुंट्यावर जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, पोचे आलेला पेला पालथा घातला होता. माझी नजर त्यावर पडली होती. तो कशासाठी असतो हे मला ठाऊक होतं, कारण आमच्याही घरी तसा एक होता, गोठ्याच्या कोनाड्यात. मजुरांसाठी, वस्तीतल्या माणसांसाठी. लहानपणापासून पाहिलेला. म्हणून तर तो लिहावा असं वाटलंच नाही. मी हवालदारांना विचारलं, "तुम्हाला दिसला होता का हो?"

"दिसला की साहेब. पण तो तर असतोच. त्यात काय लिहायचं?"

हवालदार माझ्यापेक्षा वीस वर्षांनी वडील, चोराच्या चपलेवरून गाव ओळखणारा माणूस. त्या दिवशी आम्ही दोघंही सारखेच आंधळे ठरलो.

पुन्हा रानात गेलो, तर खुंटा रिकामा. तिथून गावात चेअरमनच्या घरी गेलो. त्यांनी चहा मागवला आणि असा पेला कधी नव्हताच म्हणून सांगितलं. त्यांची आई, म्हणजे मैत्रिणीची आजी, बाजेवर बसली होती. नजरेनं अधू, पण बोलायला खणखणीत. तिला खोटं बोलायचं काही कारणच वाटलं नाही.

"नव्हता कसा? कुंपणावरला पेला दिला की म्या तिला."

"पितळी का नाही दिला, आजी?"

"तिला पितळी कसा द्यावा, बाबा?" म्हातारीनं माझी कीव केल्यासारखं उत्तर दिलं. "पर पोटभर पाजली हो. तीनदा वाढली. लेकीवानी गुणाची पोर."

"देताना पेला धुतला होता?"

"पाणी कुठंय? टँकरचा एक हंडा, त्यो सैंपाकाला. पदरानं पुसला वरच्यावर."

मी पेल्यात विष असावं असं सांगितलं, तेव्हा म्हातारीला आधी कळेचना. मग तिनं दोन्ही हात डोक्यावर मारून घेतले. ते नाटक नव्हतं. मी बरीच नाटकं पाहिली आहेत.

रानात फवारणी करणाऱ्या चेअरमनच्या सालगड्याला ठाण्यात आणला. त्याला मारावं लागलं नाही. पाणी दिलं, बसवलं आणि जेवला का विचारलं. पोलिसांनी जेवला का विचारलं की साधा माणूस जास्त घाबरतो. थोड्या वेळानं तो आपणहून बोलू लागला. आदल्या दिवशी तुरीवर फवारणी होती. सोसायटीतून आणलेलं एंड्रिन पंपात मोजून घालायला त्यानं मालकाकडे पेला मागितला.

"मालक म्हणले, कुंपणावरला घे. त्यात कोण पितंय."

मी ते तसंच्या तसं लिहून घेतलं. आजही ते अक्षर माझ्या डोळ्यांसमोर आहे. फवारणी झाल्यावर तळाला औषध राहिलेला पेला त्यानं पुन्हा खुंट्याजवळ ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी मैत्रीण एकटी चालत ठाण्यात आली. कापडी पिशवीत टॉवेल, टॉवेलात तो पेला.

"बाबा म्हणले, कोरड्या विहिरीत टाक. म्या न्हाय टाकला."

तिचा जबाब घ्यायला दुपार गेली. 

"तिला वेगळा पेला दिला ते तिला कळलं होतं?"

"व्हय. माझ्याकडं बघून हसली. आज्जीला काय बोलू नको म्हणली. म्या बी न्हाय बोलले. दोन वरसं एका ताटात जेवलो साहेब आमी."

"मग?"

"पयला घोट घेतला आन् म्हणली, आंबिलीला वास येतोय गं. म्या म्हणलं, आज्जी लसूण लई घालती. पी गुमान, तिला वाईट वाटंल." एवढं बोलून ती टेबलावर डोकं टेकून रडली. मग तिनं उरलेलं सांगितलं. पिऊन झाल्यावर पाहुणीनं तो पेला स्वतः मातीनं घासला आणि खुंट्यावर पालथा घातला. पाणी वाया जाऊ नये म्हणून मातीनं.

पेला केमिकल अॅनालायझरकडे गेला. काठाच्या दुमडीत एंड्रिन सापडलं. व्हिसेऱ्यातही तेच. मी चेअरमनवर हयगयीनं मृत्यू घडवल्याचा गुन्हा लावला. वरून दोन-तीनदा विचारणा झाली, तरी हटलो नाही. त्या दिवसांत मला माझं फार कौतुक वाटत होतं, हेही लिहून टाकतो.

खटला उभा राहिला तोवर दोन वर्षं गेली. आजी वारली होती. सालगडी साक्षीत म्हणाला, मी काही बोललोच नाही, पोलिसांनी अंगठा घेतला. त्याला त्याच रानात भाकरी खायची होती. मैत्रीण मात्र भर कोर्टात बापासमोर उभी राहिली आणि सगळं सांगितलं, लसणाचंही. वकिलांनी तिला खोटं ठरवायला एकच मुद्दा धरला. लग्नावरून बापाशी भांडण आहे, म्हणून मुलीनं पेला कुठून तरी आणला, त्याला औषध लावलं आणि पोलिसांना दिला. तसा पेला रानात कधी नव्हताच.

मग मला पिंजऱ्यात बोलावलं. वकिलांनी पंचनामा माझ्या हातात दिला.

"यात जर्मनच्या पेल्याची नोंद आहे?"

"नाही."

"घटनास्थळी असा पेला तुम्ही पाहिला होता?"

हो म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग लिहिला का नाही? त्याचं खरं उत्तर भर कोर्टात द्यावं लागलं असतं. शिवाय माझ्या बढतीचे कागद वर गेले होते, आणि पंचनाम्यातली चूक कबूल केली की खात्याची चौकशी मागं लागते. हे सगळं एका श्वासात मनात येऊन गेलं.

"माझ्या पाहण्यात आला नाही," मी म्हणालो.

मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या जबाबावेळी मीच तिला म्हटलं होतं, घाबरू नको, तो पेला मीही पाहिलाय.

चेअरमन सुटले. मुलीनं स्वतः विष घेतल्याची शक्यता नाकारता येत नाही, असं निकालात आलं. बापानं माझ्याकडे जेवढं मागितलं होतं, नेमकं तेवढंच गेलं.

तो कोर्टाच्या पायरीवर उभा होता. निकाल त्याला कुणीतरी समजावून सांगितला होता. "साहेब," तो हळू आवाजात म्हणाला, "तुमाला दिसला व्हता न्हवं?" मी ड्रायव्हरला हाक मारली आणि जीपकडे निघालो. जूनमध्ये त्या आठ मुलींपैकी किती शाळेत गेल्या, हे कळायला एक शिपाई पाठवणं पुरे होतं. मी पाठवला नाही. मैत्रिणीला घरानं टाकलं, ती लोहाऱ्याकडे कुठल्याशा शाळेवर आहे असं पुढं कानावर आलं. मला बढती मिळाली.

लोक विचारतात, नोकरीनं काय शिकवलं. माणूस खोटं कसं बोलतो ते शिकवलं, असं मी सांगतो आणि ते हसतात. पंचनाम्यात नंतर ओळ घालता येत नाही, तसा नियम आहे. तरीही एक ओळ मी इथं घालतो आहे. दोन्ही पंच आणि हवालदार आता हयात नाहीत. सही माझ्या एकट्याची.

कोपीच्या डाव्या अंगास, कुंपणाच्या तिसऱ्या खुंट्यावर, जर्मनचा पोचे आलेला एक पेला, पालथा, बाहेरून माती लागलेला. समक्ष पाहिला.