एका दिवसापुरती ओळ

महालिंगअप्पा सकाळी कॉम्प्युटरच्या खोलीत आले की आधी उंबऱ्याबाहेर चपला काढायचे, गळ्यातल्या लिंगाला हात लावायचे आणि मगच पहिल्या मशीनचं बटण दाबायचे. पडद्यावर मशीन सुरू करायच्या पर्यायांची छोटी यादी आली की एक कळ दाबून तिला तिथंच थांबवायचे. आत लांबलचक मजकूर उघडायचा. त्यातल्या एका ओळीच्या शेवटाला जाऊन, तांदळातले खडे वेचावेत तसं, एका बोटानं एकेक अक्षर टाकायचे. ते मशीन सुरू झालं की दुसऱ्याकडे. सगळी मशीनं उठेपर्यंत शिकायला आलेल्या पोरी बाहेर ओट्यावर बसून. रोजचंच होतं ते.

तलवाड्याच्या आमच्या वाचनालयामागची ही खोली. शहरातल्या कुठल्याशा कचेरीनं काढून टाकलेले कॉम्प्युटर आमच्या वाट्याला आले होते. त्यांच्यावर विंडोजऐवजी लिनक्स घातलेलं, कारण ते फुकट मिळतं आणि म्हाताऱ्या मशीनलाही झेपतं. अप्पांचं पेठेत बियाण्यांचं दुकान होतं. ते लेकाच्या हवाली करून ते इथं येऊन बसले. मी आले ती नातीला सोडायला. शाळा माझी चौथीपर्यंतची, पण बसल्या बसल्या बघत गेले, विचारत गेले, आणि राहिले ती राहिलेच. पोरी मला अक्का म्हणायच्या म्हणून अप्पाही अक्का म्हणायला लागले.

ते सकाळी काय लिहितात, हे मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. अप्पांनी हातातलं काम सोडून माझ्याकडे तोंड केलं.

“अक्का, घरात एक माणूस समद्यांच्या आधी उठतंय का न्हाई? दार उघडतंय, चूल पेटवतंय, पाणी हाय का बघतंय. मग बाकीचे उठतात. मशीनमधी त्या माणसाला कर्नल म्हणतात. त्याला काय सांगायचं ते उठतानाच कानात सांगायचं. एकदा कामाला लागला की न्हाई ऐकत.”

आमची काही मशीनं अशी होती, की पडद्यावरचं चित्र कर्नलनं स्वतःच्या हातात घेतलं की सगळं काळंठिक्कर पडायचं. त्यांना सांगावं लागायचं, चित्राच्या भानगडीत पडू नको. दुसरी दोन-तीन वीज वाचवायच्या नादात मध्येच गोठायची. त्यांना सांगायचं, विजेचं राहू दे. ज्याचा जो स्वभाव, त्याला तेवढंच. पोरी हसायच्या, अप्पा मशीनला अंगारा लावतात म्हणायच्या. अप्पा म्हणायचे, “अंगाऱ्यानं उठली असती तर मी कशाला बोटं मोडीत बसलो असतो गं?”

पुढं मला कळलं, की ही ओळ मशीनमध्ये कायमची लिहूनही ठेवता येते. मग रोज हा खटाटोप कशाला? मी तसं म्हणाले तर अप्पांनी समोरचं मशीन बंद करून परत चालू केलं. मग म्हणाले, “आज सांगितलेलं आजच्यापुरतं असतंय. चुकलं तर बंद करावं, फिरून चालू करावं, त्याच्या ध्यानात काय ऱ्हात न्हाई. कायमचं लिवलेलं चुकलं तर भोगतंय दुसरंच कुणीतरी.”

हे दुसरं कुणीतरी कोण, ते मला उशिरा कळलं. एका दुपारी चकलांब्याहून एक बाई आली, रुक्मिण नावाची. लेकीला आमच्याकडे शिकायला घालायची होती. अप्पांनी तिला बघितलं आणि पाणी आणतो म्हणून उठले, ते ती जाईपर्यंत आलेच नाहीत. मी बाहेर गेले तर चिंचेखाली बसलेले.

तिथं त्यांनी सांगितलं. खोली नवी होती, रुक्मिणीचं लगीन व्हायचं होतं तेव्हाची गोष्ट. अप्पांनाही रोजचा कंटाळा यायचा. एका मशीनला लागू पडलेली ओळ त्यांनी सगळ्यांत कायमची लिहून टाकली, तीही एका अक्षरानं चुकलेली, आणि वेळ वाचावा म्हणून ती सुरुवातीची यादीही दिसू नये असं केलं. दुसऱ्या दिवशी रुक्मिण नर्सिंगचा फॉर्म भरायला आली. शेवटची तारीख होती. एकही मशीन उठेना, आणि कानात सांगायचं दारच अप्पांनी आपल्या हातानं बंद केलेलं. ते परत कसं उघडायचं, तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं. पोरीला मोटारसायकलवर घालून गेवराईला पळाले, तर तिथं सगळ्या गावाची वीज गेलेली. रुक्मिणीच्या बापानं एवढ्याच एका फॉर्मची मुभा दिली होती. उन्हाळ्यात तिचं लगीन लागलं.

“ती मला एका शब्दानं बोलली न्हाई, अक्का,” अप्पा म्हणाले. “आज बी बोलली न्हाई.”

त्या दिवसापासून रुक्मिणीच्या लेकीला अप्पा खिडकीजवळच्या मशीनवर बसवायचे. पोरगी हुशार. तिलाही नर्सिंगलाच जायचं होतं. आणि तिच्या फॉर्मचे दिवस जवळ आले तेव्हाच अप्पांचं दुखणं वाढलं. चालताना धाप लागायची. डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन सांगितलं, संभाजीनगरला, लगेच.

अप्पांनी मला ओळी पाठ करायला लावल्या. कुठल्या मशीनला कुठली, ते रोज माझ्याकडून वदवून घ्यायचे, आणि तरी सकाळी स्वतःच लिहायचे. मी म्हणाले, “अप्पा, मला येतंय की आता. एवढा बी भरवसा न्हाई व्हय?”

“तुमच्यावर हाय,” ते म्हणाले. “उद्यावर न्हाई.”

जायच्या आदल्या संध्याकाळी मी कुलूप लावायला लागले तर म्हणाले, किल्ली ठेवा, तुमी व्हा पुढं. मला वाटलं, बसायचं असेल जरा.

सकाळी मी एकटी आले. किल्ली अप्पांनी रात्रीच लेकाच्या हाती घरी पोचवली होती. रुक्मिण आणि तिची लेक आधीच ओट्यावर. फॉर्मचा तोच दिवस ठरलेला. खिडकीजवळच्या मशीनचं बटण दाबलं, यादी थांबवली, ओळीच्या शेवटाला गेले. आणि बघते तर शब्द आधीच तिथं होते. अप्पांनी लिहिलेले, कायमचे. दुसरं मशीन उघडलं, त्यात त्याचे शब्द. तिसऱ्यात त्याचे. एकाचं दुसऱ्याला दिलं नव्हतं. आणि यादी, जी पूर्वी डोळ्याची पापणी लवेपर्यंत जायची, ती आता चांगली रेंगाळत होती. दार उघडं ठेवून गेले होते.

उद्यावर भरवसा नसलेल्या माणसानं उद्याचं लिहून ठेवलं होतं. मी पहिल्या मशीनकडे परत गेले, ओळ पुन्हा वाचली. रुक्मिणीनं आत येऊन विचारलं, अक्का, मशीन बिघडलं का? मी नाही म्हणाले आणि तिच्या लेकीला खुर्चीवर बसवलं. फॉर्म भरून गेला.

तपासण्यांपायी ऑपरेशन महिन्याभरानं झालं. अप्पा त्यातून उठले नाहीत. अप्पा लिंगायत; त्यांच्यात जाळत नाहीत, बसवून माती देतात. सगळ्यांनी बेल वाहिला. रुक्मिण मागं उभी होती. ती पुढं झाली, मूठभर माती टाकली, आणि खड्ड्याच्या काठाला वाकून, झोपेतून उठणाऱ्याच्या कानात सांगावं तशा हलक्या आवाजात म्हणाली, “अप्पा, पोरीचा नंबर लागला.”

मशीनं आता आपोआप उठतात. मी तरी रोज सकाळी प्रत्येकाची यादी थांबवते, अप्पांची ओळ शेवटपर्यंत वाचते आणि तशीच पुढं जाऊ देते. पोरी ओट्यावर बसून असतात.