बुरुजाचं बुजवलेलं भोक

तो बुरूज मी पाडला. गुप्तधनासाठी कोणी खणला नव्हता. हे सांगायला मला सहा महिने लागले.

मी अंबरनाथच्या एका कारखान्यात देखभालीचा अधिकारी आहे, राहतो बदलापूरला, कात्रपमध्ये. रविवारी आम्ही आठ-दहा जण मागच्या डोंगरावरच्या पडक्या गडावर श्रमदानाला जायचो. तटबंदी केव्हाच ढासळली होती, एक गोल बुरूज तेवढा उभा होता. शिलालेख नाही, पण दगडांवरून कळायचं. खालचे थर मोठाल्या, चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेल्या दगडांचे. वरचे चुन्यात बांधलेले, त्यांत जंग्या, म्हणजे बंदूक रोखायच्या तिरप्या फटी. म्हणजे मूळ बुरूज बंदुकांच्या आधीचा, मागाहून कोणीतरी वाढवलेला. बाहेरून घडीव दगड, पोटात माती आणि गोटे. घाटाच्या वाटेवर नजर ठेवायला बांधलेला.

पायथ्याशी पंजा जाईल एवढं एक भोक होतं, खाली शेवाळाचा ओघळ. गळती दिसली की बंद करायची, ही माझी कारखान्यातली सवय. मी सिमेंट कालवलं.

बुरुजाखालच्या देवाला रोज दिवा लावणारा पाड्यावरचा म्हातारा शेजारी येऊन उकिडवा बसला.

"त्याला हात नको लावू, सायब. बुरूज मुततं त्याच्यातनं."

सगळे हसले. आमच्यातला एक म्हणाला, "बाबा, साहेब बॉयलर सांभाळतात. त्यांना काय शिकवता?"

"मंग सायबानं आपलं बांधून ठेवावं दोन दिस. बघावं काय व्हतं."

मीही हसलो. आणि भोक बुजवलं. वरचे सांधेसुद्धा सिमेंटने भरले.

श्रावणात आत तुंबलेल्या पाण्याने बुरुजाला पोट आलं. पितृपक्षात तो फुटला. मी एकटाच बघायला गेलो. पोटातल्या मातीचा चिखल उतारभर पसरला होता आणि त्यात माझा सिमेंटचा गोळा दगडाला चिकटून तसाच होता. मी तो सोडवला आणि दरीत फेकला.

घरी येऊन आमच्या श्रमदानाच्या ग्रुपवर लिहिलं, "गुप्तधनासाठी खणलेला दिसतोय. पाड्यावरचंच कोणीतरी असणार." नाव लिहायची गरज नव्हती. रोज तिथे जाणारा एकच माणूस होता. गोष्ट पोलिसांपर्यंत गेली, त्यांनी म्हाताऱ्याला चौकीवर दोनदा बसवून ठेवलं. पाड्याने त्याच्याकडून दिवा काढून घेतला. देवाच्या पायाखाली खणणाऱ्याचा हात देवाला नको, म्हणाले.

आमच्या गॅलरीतून तो डोंगर दिसतो. मी पडदा ओढून बसू लागलो. बायको म्हणायची, "दिवसाढवळ्या अंधारात काय बसता?" मी कितीदा खरं लिहिलं आणि पाठवण्याआधी पुसलं. हा माणूस असाच मरेल आणि मी असाच जगेन, याचीच भीती वाटायची.

होळीच्या सुमारास ग्रुपवर कोणी सहज लिहिलं, "म्हातारा अजून दिवेलागणीला येतो. देवापासून लांब बसतो, पुढे जात नाही."

त्याखाली मी सगळं लिहिलं, आणि या वेळी पाठवलं. मग दिवेलागणीला गडावर गेलो. तो खरंच लांब बसला होता. आता दिवा लावणारी त्याची भावजय दिवा घेऊन उभी होती, पाड्यावरची चार माणसं होती. मी त्याच्यापुढे जमिनीवर बसून, त्यालाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोललो.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "मोठ्यानं बोल. तिला ऐकू नाय गेलं."

मी उठून उभा राहिलो. "बाबांनी खणलं नाही. ते नको म्हणत होते तरी भोक मी बुजवलं. बुरूज माझ्यामुळे पडला, आणि आळ मी त्यांच्यावर घातला. बाबा, मला माफ करा."