गावातला एकही पुरुष उदास नाही

कामठ्याजवळच्या एका टोलीत, म्हणजे लहानशा वस्तीत, सुमित्राबाई रहांगडाले सोळा वर्षांपासून आशाताई म्हणून काम करतात. बाळंतपणं, लसी, कुष्ठरोगाची पाहणी, डासांच्या अळ्या. एक सर्वे संपत नाही तोच दुसऱ्याचे कागद हातात पडतात. वय अठ्ठेचाळीस. गुडघे मात्र साठीला टेकल्यासारखे दुखतात.

या हिवाळ्यात तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा फॉर्म भरायचा होता. तंबाखू खाता का, कमरेचा घेर किती, घरात कुणाला साखरेचा आजार आहे का, असं सगळं. शेवटी दोन प्रश्न मनाचे. गेल्या पंधरा दिवसांत कशातच मन लागलं नाही, असं किती दिवस झालं? उदास, निराश किती दिवस वाटलं? कधीच नाही म्हटलं तर शून्य, जवळजवळ रोज म्हटलं तर तीन.

त्याआधी तालुक्याला प्रशिक्षण झालं. जेवणानंतर आशाताई पेंगत होत्या, तेव्हा सरांनी पडद्यावर दोन रंगांचा मेंदू दाखवला. बाई दुःख बोलून मोकळी होते, पुरुष ते आत कप्प्यात बंद करून ठेवतो, दोघांच्या मेंदूची घडणच वेगळी, असं ते सांगत होते. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "साहेब, आमच्या घरच्याच्या मेंदूचा रंग तंबाखूच्या खर्र्याचा आहे." सगळ्या हसल्या आणि झोप उडाली. सुमित्राबाईंनी बाकीचं सगळं विसरून तेवढं मात्र लक्षात ठेवलं. पुरुषाचा मेंदूच तसा.

सर्वेत हे त्यांच्या फार सोयीचं ठरलं. बायकांना पहिला प्रश्न विचारला की उत्तराला कपभर चहाचा वेळ लागायचा. सासू, दारू, न झालेलं पोर, माहेरचं तुटलेलं नातं, सगळं बाहेर यायचं. डोळे पुसून झाले की त्या बाया ताईलाच विचारायच्या, तुहा चेहरा काऊन उतरला वं? पुरुष भेटलेच तर "सब ठीक" म्हणून चालू लागायचे. बहुतेक भेटायचेच नाहीत. मग जुनी रीत होतीच. दारात उभं राहून घरधन्याचा फॉर्म त्याच्या बायकोलाच विचारायचा. बायको म्हणायची, "त्याईले काय होते? दोन टाइम जेवते, झोपते." सुमित्राबाई लिहायच्या, शून्य, शून्य.

स्वतःच्या घराचे फॉर्म त्यांनी चुलीवर वरण ठेवून, कुणालाच न विचारता भरले. नवऱ्याच्या नावापुढेही शून्य, शून्य.

नवरा म्हणजे रामलाल. सव्वीस वर्षं एका राइस मिलमध्ये नमुना पाहायचं काम केलेला माणूस. मूठभर तांदूळ तळहातावर पसरला की खडा, काळा दाणा, तुकडा, सगळं एका नजरेत सांगायचे. या दिवाळीत मिलमध्ये कॅमेऱ्यावर दाणा निवडणारी मशीन आली. मालकानं मिठाईचा डबा हातात देऊन, खांद्यावर हात ठेवून त्यांना घरी पाठवलं. तेव्हापासून रामलाल सकाळी उठून घरामागच्या बाडीत पाटावर बसत ते दुपारपर्यंत. टीव्ही लावत नसत. जेवणात मीठ कमी असलं तरी बोलत नसत. केशोरीला दिलेल्या मुलीनं, चेतनानं, फोनवर दोनदा विचारलं, बाबा बोलत काऊन नाहीत. सुमित्राबाईंनी तिला सरांचा मेंदू सांगितला. हळूहळू ठीक होतीन म्हणाल्या.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उपकेंद्राच्या अल्का सिस्टरनं त्यांचा फॉर्मचा गठ्ठा परत आणून दिला. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमनी तो पाहिला होता.

"एकशे चौदा पुरुष, आन् एक बी उदास नाई?" सिस्टर म्हणाली. "असं गाव असन तं मले बी तिथं एक घर पाहून दे, ताई."

सुमित्राबाईंनी मेंदूचं कारण पुढं केलं. सिस्टरनं ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मेंदूचं मले नाई समजत. तू विचारलं का त्याईले?"

सुमित्राबाईंनी गठ्ठा पिशवीत टाकला. एकेका पुरुषाला गाठून पुन्हा विचारायचं होतं आणि त्याला पंधरा दिवस होते.

पहिले दोन दिवस फुकट गेले. समोर उभं राहून, डोळ्यांत पाहून विचारलं की पुरुष हसायचे. उदास व्हायले टाइम कोणाजवळ आहे, असं म्हणून खिशातली खर्र्याची पुडी काढायचे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या भोजराज या शेतकऱ्याच्या खळ्यावर पोचल्या तेव्हा पाय उचलत नव्हते. भोजराज भाताच्या तणसाच्या पेंढ्यांचा ढीग रचत होता. सुमित्राबाई त्याच्याकडे पाठ करून एका पेंढीवर बसल्या आणि उत्तराची आशा न धरताच, कागद वाचावा तसा प्रश्न विचारला. भोजराज पेंढ्या फेकतच राहिला. मग पाठीमागून आवाज आला. भाऊ वेगळा निघाल्यापासून झोप लागत नाही. त्याच्या घरात भांडं वाजलं तरी इथं ऐकू येते. अर्धा तास तो बोलला. ढीग रचून झाला तसा गप्प झाला, आणि बैलांना पाणी पाजायला निघून गेला.

तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. हात कामात असले आणि तोंडाकडे कुणी पाहत नसलं, तर हे लोक बोलतात. पुढचे दिवस त्यांनी तसंच केलं. पंप दुरुस्त करणाऱ्याशेजारी उकिडवं बसून, म्हशी वळणाऱ्याच्या मागून चालत. दुसऱ्या शनिवारपर्यंत अकरा जणांच्या कागदावर तीनचा आकडा आला. बायकांच्या रडण्यानं त्या कधी इतक्या थकल्या नव्हत्या. बायकांचं दुःख शेवटी चहापाशी तरी येऊन थांबायचं. पुरुष वाक्य अर्ध्यात सोडून उठून जायचे, आणि उरलेलं अर्धं सुमित्राबाईंनी घरी न्यायचं.

एक कागद राहिला होता. दोन दिवस तो पिशवीच्या तळाशी होता.

रविवारी दुपारी रामलाल बाडीत वालाच्या शेंगा सोलत बसले होते. सुमित्राबाई त्यांच्या शेजारी बसल्या आणि अर्ध्या शेंगा आपल्या पदरात ओढून घेतल्या.

"मन लागते का हो तुमचं कशात?"

रामलालनी तीन-चार शेंगा सोलल्या. "कागदावरचं विचारून राहिली का घरचं?"

"कागदावरचंच. जबाब माह्या मनानं नाई लिवायचा म्हणतात."



"सकाळी डोळा उघडला का वाटते, काऊन उघडला," रामलाल म्हणाले. "नसता उघडला तं बरं होतं."

चहात साखर जास्त झाली असं सांगावं, तसा त्यांचा आवाज होता. सुमित्राबाईंचे हात थांबले. मग त्यांनी ते बळेच चालू केले, कारण आपले थांबले तर रामलालचेही थांबतील.

"रोज वाटते?"

"दिवाळीपासून रोजच."

सरांच्या हिशेबानं या वेळी बाईनं बोलून मोकळं व्हायला हवं होतं.  सुमित्राबाईंच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"मी शून्य लिवलं होतं तुमच्या नावापुढं. न विचारता."

"विचारलं असतं तं मी बी शून्यच सांगतलं असतं."

मंगळवारी दवाखान्यात जाऊ, असं त्या म्हणाल्या. रामलाल नको म्हणाले. तिथं सारे तुले ओळखते, आशाताईचा नवरा येडा झाला म्हणतीन. म्हणू द्या, म्हणाल्या सुमित्राबाई. भांडायची ताकद त्यांच्यात नव्हती, आणि ती नव्हती हे ओळखूनच बहुधा रामलालनी हट्ट सोडला. सोमवारी त्यांनी दाढी केली.

मंगळवारी आरोग्य केंद्रात डॉक्टर मॅडमनी रामलालना स्टुलावर बसवलं. तरुण मुलगी होती, चेतनापेक्षा लहानच असावी. तिनं सरळ त्यांच्याकडे पाहून विचारलं, काका, कसं वाटतं? रामलाल भिंतीवरच्या लसींच्या तक्त्याकडे पाहत म्हणाले, "बरं आहे."

मॅडमचं पेन कागदावर टेकलं. सुमित्राबाईंच्या जिभेवर सगळं उत्तर तयार होतं, दिवाळीपासूनचं, सकाळच्या डोळ्याचं. सोळा वर्षं याच खोलीत त्यांनी सगळ्यांची उत्तरं दिली होती. लाजऱ्या सुनांची, बहिऱ्या म्हाताऱ्यांची, दारू पिऊन आलेल्यांची. सवयीनं तोंड उघडलंही.

त्यांनी ते मिटलं. खुर्चीवरून उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि दोघांकडे पाठ करून उभ्या राहिल्या. बाहेर एक बाई लेकराला कडेवर घेऊन रांगेतली जागा सांभाळत होती. गुडघा ठणकत होता, पण हलावंसं वाटेना. मागं पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. 

मग स्टूल करकरलं आणि रामलाल बोलू लागले. थांबत थांबत, मिलमध्ये मशीन उतरवायला ट्रक आला त्या सकाळपासून. सुमित्राबाई मागं वळल्या नाहीत.