बावीसनंतर

असले भुताखेताचे अनुभव मी फक्त हसायला वाचायचो, हे आधीच सांगून टाकतो. घाबरायचो ते एकाच गोष्टीला — प्रॅक्टिकलला.

परभणीत माझं ॲम्ब्युलन्सवरच्या कामाचं ट्रेनिंग चालू होतं. छाती दाबायच्या सरावाला कमरेपर्यंतचा एक रबरी पुतळा. आधी खांदे थोपटून पेशंटला हाक मारायची, हा नियम. पहिल्या दिवशी मी "काका, बरं आहे का?" विचारलं आणि... उत्तराची वाट बघत बसलो. वर्ग आठवडाभर हसला. पुतळ्याचं नाव 'काका' पडलं ते तेव्हापासून.

दाब मोठ्याने मोजायचे. तीस झाले की दोन श्वास. मी दरवेळी बावीसला अडकायचो. तोंड बंद, मग हातही बंद. एकदा नापास झालोच होतो. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "परवाच्या परीक्षेत चुकलात तर सरळ घरी."

घरी कोण होतं म्हणा.

दुसऱ्या दिवशी पोळा. पोरं सगळी गावाकडं गेलेली. भर दुपारी वर्गात मी एकटा. सकाळपासून बोललो तो काकांशीच — "तुमच्याकडं बैल हायत का? आमच्याकडं बी न्हाईत." मग मोजायला लागलो. वीस, एकवीस, बावीस...

"तेवीस."

म्हाताऱ्या माणसाचा आवाज, अजिबात घाई नसलेला. मी त्याच झोकात तिसापर्यंत गेलो आणि मग घाम फुटला.

दारात वॉचमन मामा. "दुसरा कोन हाय रे आत? दोघं मोजायलेत म्हनून दोन कप चहा आनला."

दुसरा कप मी काकांपुढे ठेवला. चेष्टेने... बहुतेक.

दुसऱ्या दिवशी परीक्षेत बावीसला पुन्हा अडकलो. मॅडमचं पेन थांबलं. आणि तोच आवाज — "तेवीस." मी तीस पूर्ण केले.

"मागून सांगायचं नाही कुणी," मॅडम डाफरल्या. माझ्या मागे भिंत होती.

पास झालो. आता देवगाव फाट्याजवळच्या ॲम्ब्युलन्सवर असतो. खऱ्या पेशंटवर मोजताना कधीच अडकलो नाही. परभणीला गेलो की मात्र त्या वर्गात डोकावतो, काकांची छाती दाबतो, आणि बावीसला मुद्दाम थांबतो.

कुणी काही बोलत नाही. कसं झालं होतं ते, मला अजून सांगता येत नाही. थोडा वेळ वाट बघतो... मग तेवीस माझं मीच म्हणतो.