काळोखातल्या तीस फ्रेम्स

काही ऑफिसांत फायली साठतात, काहींत धूळ साठते. आमच्याकडे किस्से साठतात! कारण सोपं आहे. आम्ही दिवसातले पाच-सहा तास काळोख्या खोलीत बसतो, आणि काळोखात माणूस फार वेळ गप्प बसू शकत नाही. कुणीतरी बोलतंच. मग दुसरा हसतो, आणि झाला किस्सा तयार.

अंधेरी ईस्टला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा आहे. खाली खाकऱ्याचं पॅकिंग चालतं, शेजारी झिपा बनतात, आणि मध्ये आम्ही. फोनचा कॅमेरा नीट चालेल असं बघणं हे आमचं काम.

मागच्या वर्षी एका फोन कंपनीने आमच्याकडे तक्रार दिली. उजेड कमी झाला की त्यांच्या फोनवरचा व्हिडिओ अडकायचा. म्हणजे असं बघा, व्हिडिओ म्हणजे सेकंदाला काढलेले तीस फोटो, आमच्या भाषेत फ्रेम्स. उजेड कमी पडला की फोन काय करतो, तर प्रत्येक फोटोसाठी शटर जास्त वेळ उघडं ठेवतो. साहजिकच सेकंदात तीसऐवजी बाराच फोटो बसतात. चालणारा माणूस मग चालत नाही, इथून तिथे उडी मारतो!

कंपनीने स्पष्टच सांगितलं होतं, "सहा महिन्यांत काळोखात तीस फ्रेम्स द्या. नाहीतर काम दुसऱ्या टीमकडे." आमच्याकडे तेवढं एकच मोठं काम. ते गेलं असतं तर आम्हीही गेलो असतो.

\*\*\*

आमचे हेड राणे. मूळचे कणकवलीकडचे, वाढलेले घाटकोपरला. वडील गिरणीत होते, आता घरी असतात. मुलगा मोठा इंजिनीअर झाला हे त्यांना माहीत, पण नक्की करतो काय ते काही कळेना. एकदा जेवताना त्यांनी विचारलंच,

"झिला, तू हापिसात करतंस तरी काय?"

राणेंनी घास बाजूला ठेवून नीट समजावलं. "बाबा, काळोखात व्हिडिओ काढलो की तो अडकत अडकत येता. तो सरळ करूचो आसा."

"कित्याक अडकता?"

"उजेड कमी पडता म्हणून."

बाबांनी त्यांच्याकडे दयेने बघितलं.

"मगे लाइट लाव मरे!"

दुसऱ्या दिवशी राणेंनी हे आम्हाला सांगितलं आणि वर म्हणाले, "सहा महिने आपण चौघं डोकं फोडणार. बाबांनी अर्ध्या मिनिटात सोडवलं!"

\*\*\*

चौघं म्हणजे राणे, मी, फाल्गुनी आणि तांबे काका. पैकी तांबे काका इंजिनीअर नाहीत. त्यांनी उभं आयुष्य लग्नांचे व्हिडिओ काढले. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतचे सगळे हॉल त्यांना पाठ. व्हिडिओ बघून चुका सांगणारं माणूस पाहिजे म्हणून राणेंनी त्यांना बोलावलं, आणि इंटरव्ह्यूत पहिलाच प्रश्न टाकला, "काका, फ्रेम रेट म्हणजे काय, सांगता येईल?"

"नाही बुवा."

मी मनात म्हटलं, गेले काका.

"पण हॉलची लाइट गेल्यावर अक्षता टाकणारा हात कसा दिसतो, ते सांगता येईल."

राणेंनी दोन व्हिडिओ लावले. एकात तीस फ्रेम्स, दुसऱ्यात सत्तावीस. मला, खरं सांगते, काहीच फरक दिसला नव्हता. काकांनी चष्मासुद्धा पुसला नाही.

"दुसऱ्याला उचकी लागलीय."

काका तिथल्या तिथे पक्के! आणि 'उचकी' हा शब्द ऑफिसचा झाला. "आज किती उचक्या?" "पंख्यावर दोन, दरवाजात एक." तक्रारींच्या यादीतही आम्ही तेच लिहायला लागलो. ती यादी कंपनीकडेही जायची, हे आमच्या डोक्यातच नाही. एक दिवस त्यांच्या बेंगळुरूच्या मॅडमचं इंग्रजी मेल आलं. अतिशय गंभीर. एकच ओळ होती.

"उचकी स्टिल प्रेझेंट. प्लीज फिक्स."

\*\*\*

व्हिडिओ तपासायला समोर काहीतरी हलतं पाहिजे. आमच्याकडे गोल फिरणारी एक बाहुली होती, ती तिसऱ्या आठवड्यात बंद पडली. नवी यायला दहा दिवस. वाट लागली!

फाल्गुनी म्हणाली, "माणूस चालेल ना? मी करते गरबा. माझा ठेका चुकत नाही."

फाल्गुनी घाटकोपरचीच. नवरात्रात नऊ दिवस ऑफिसला अर्धी झोपलेली येते, पण ठेका खरंच चुकत नाही. मग काय, काळ्या भिंतींची खोली, कोपऱ्यात मेणबत्तीएवढा दिवा, मध्ये फाल्गुनी एकटी गोल गोल, आणि तीन फोन तिच्यावर रोखून आम्ही तिघं चिडीचूप.

तेवढ्यात सफाईच्या शेवंताबाईंनी दार उघडलं. आत बघितलं. आमच्या तिघांच्या तोंडाकडे बघितलं.

"चालू दे तुमची पूजा. मी नंतर येते!"

आणि दार लोटून गेल्या.

खरी गंमत पुढेच. रेकॉर्डिंग लावलं तर टाळीचा आवाज स्वच्छ येत होता, पण फाल्गुनीचे हात एकमेकांना लागतच नव्हते! हात जवळ येतात, टाळी ऐकू येते, हात लांब जातात. लागल्याचा क्षण दोन फ्रेमच्या मधल्या फटीत पडत होता.

फाल्गुनी कंबरेवर हात ठेवून स्क्रीनकडे बघत राहिली.

"मी तीन दिवस घाम गाळला, आणि हा फोन म्हणतो मी टाळी वाजवलीच नाही?"

\*\*\*

पुढे आम्ही शटर सेकंदाच्या तिसाव्या भागापेक्षा जास्त उघडूच दिलं नाही. तीस फ्रेम्स आल्या, आम्ही उड्या मारल्या. मग राणे म्हणाले, "खऱ्या घरात बघू." त्यांच्या वडिलांच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्याचा पॅसेज भर दुपारी काळोखा असतो. दिवसभर एक म्हातारी ट्यूबलाइट मिणमिणत असते, ती तिथेच राहणाऱ्या परब काकूंच्या दारावर.

व्हिडिओ काढला तर स्क्रीनवर काळे पट्टे सरसर वर चढायला लागले! परब काकूंनी मागून डोकावून बघितलं. "अगो बाय! ह्या काय माझ्या दारात?"

"ट्यूबमुळे येतंय, काकू," मी सांगितलं. "उद्या परत येतो आम्ही."

रात्रभर डोकं चालवून दुसऱ्या दिवशी तयारीने गेलो. पॅसेज लख्ख! दारावर नवीकोरी एलईडी, खाली रांगोळी, आणि काकू ट्रेमध्ये सरबत घेऊन उभ्या.

"तुम्ही व्हिडिओ काढतलास, आणि माझी ट्यूब वायट दिसता म्हटल्यावर बदलून टाकलंय!"

"जुनी कुठाय?" राणेंचा आवाज चिरकला.

"भंगारवाल्याक दिलंय."

सरबत पिऊन आम्ही घाटकोपर स्टेशनच्या बाजूला निघालो, तशी ट्यूब शोधायला. चार दुकानं झाली. पाचव्यात मी स्पष्टच म्हटलं, "दादा, जरा खराब ट्यूब मिळेल का? मिचमिचणारी?"

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मॅडम, वीस वर्षांचं दुकान आहे. खराब माल आम्ही ठेवत नाही!"

शेवटी तांबे काकांनी कुठल्याशा हॉलच्या स्टोअररूममधून एक मिळवली. कोडंही त्यांनीच सोडवलं. ती ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मिचमिचते. डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. "आम्ही शटर नेहमी तिच्या ठेक्यात ठेवायचो," काका म्हणाले. "एक मिचमिच, दोन मिचमिच किंवा तीन. मधेच तोडायचं नाही." तीन मिचमिचींएवढं शटर ठेवलं. पट्टे गेले, तीस फ्रेम्सही बसल्या. हे काकांनी आधी का सांगितलं नाही?

"तुम्ही इंजिनीअर माणसं. मला वाटलं, ठाऊक असेल!"

\*\*\*

शटर कमी उघडायचं म्हणजे उजेडही कमी. तो सॉफ्टवेअरने ओढूनताणून वाढवला की चित्रावर रवा पसरल्यासारखे दाणे येतात. दाणे पुसायचं काम फाल्गुनीकडे. तिने मनापासून पुसले. इतके मनापासून, की सोमवारच्या मीटिंगला तिने राणेंचा काळोखातला व्हिडिओ लावला आणि आम्ही सगळे स्क्रीनवर वाकलो.

चेहरा गुळगुळीत. कातडी तुकतुकीत. आणि मिशी गायब!

फाल्गुनी हळूच म्हणाली, "सर, सॉफ्टवेअरला मिशीचे केसही दाणेच वाटले."

राणेंनी ओठावरून हात फिरवून खात्री केली. मग म्हणाले, "तीस फ्रेम्स आहेत ना?"

"आहेत."

"मग अर्धं काम झालं. आता मिशी परत आण."

मिशी यायला अकरा दिवस लागले. आधी डावी बाजू आली.

\*\*\*

शेवटी तपासणीचा दिवस उजाडला. 'उचकी'वाल्या मॅडम स्वतः बेंगळुरूहून आल्या. कडक बाई. त्यांनी आणलेल्या मीटरने खोलीतला उजेड मोजला, कमी केला, परत मोजला. आमच्यापैकी कुणी सकाळचा चहाही घेतला नव्हता. माझ्या घराचा हप्ता, फाल्गुनीच्या भावाचं कॉलेज, सगळं त्या एका आकड्यावर उभं होतं.

"शॅल वुई स्टार्ट?" मॅडम म्हणाल्या.

"वन मिनिट," राणे म्हणाले. फोनसमोर उभे राहिले, हात जोडले, आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं सुरू!

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरांनी जी काय मेहनत केलेली आसा, ती गोड मानून घे..."

"व्हय म्हाराजा!" आम्ही तिघं. तोंडातून आपसूकच निघालं.

"तीसचे एकोणतीस होव देव नको..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि कोणाची मिशी वायच हलली-बिलली तर ती जागच्या जागी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मॅडमनी पेन थांबवून विचारलं, "इज धिस पार्ट ऑफ द टेस्ट प्रोसीजर?"

राणे वळले. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "येस मॅडम. फायनल स्टेप."

मॅडमनी खरंच टिपून घेतलं! मग दिवा मंद केला. फाल्गुनी नाचायला लागली. स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडा. तीस. तीस. तीस. मी घड्याळ बघत होते. मिनिटभर, दोन मिनिटं, पाच मिनिटं. तीस म्हणजे तीस! मिशी जागेवर, पट्टे नाहीत.

मॅडमनी सही केली, कागद राणेंच्या हातात दिला. राणे खुर्चीत असे बसले, जणू कुणी त्यांच्यातली हवाच सोडली. फाल्गुनी रडत होती आणि हसतही होती. मी घरी फोन लावला आणि "झालं" एवढंच म्हणाले.

दारातून बाहेर पडताना मॅडम वळल्या, आणि अगदी मोजूनमापून म्हणाल्या,

"व्हय म्हाराजा."

\*\*\*

त्यानंतरच्या आठवड्यातली ही गोष्ट.

तांबे काकूंना जन्मापासून ऐकू येत नाही. काका-काकू खुणांच्या भाषेत बोलतात. काका कामावर असले की व्हिडिओ कॉल. पण मुलुंडचं त्यांचं घर तसं काळोखं, आणि कॉलवर काकूंची बोटं एकमेकांत मिसळून जायची. काका सारखी खूण करायचे, "पुन्हा सांग." हे काकांनी आम्हाला कधी सांगितलंच नव्हतं. सही झाल्यावर नव्या सॉफ्टवेअरचा एक फोन त्यांनी मागितला, "घरी टेस्टिंगला", तेव्हा कुठे कळलं. तो फोन आता काकूंकडे होता.

गुरुवारी दुपारी चारला काकांचा फोन थरथरला. काकू होत्या. मागे लोखंडी जाळी, डोक्यावर बॅटरीवर चालणारा एक पिवळट बल्ब. बिल्डिंगची वीज गेली होती आणि जुन्या लिफ्टमध्ये त्या दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्या होत्या. आवाज देता येत नाही. वाचायचा चष्मा घरी, त्यामुळे टाइपही करता येईना. फोन कठड्यावर टेकवून त्या भराभर हात हलवत होत्या.

आम्ही सगळे काकांच्या मागे गोळा झालो. काका मोठ्याने वाचत गेले. "लिफ्टमध्ये आहे... तिसरा आणि चौथा... कढीपत्ता आणायला खाली गेले होते..." आणि एकदम ओरडले, "दूध गॅसवर आहे!"

काकांनी नंबर सांगितला तसा फाल्गुनीने त्यांच्या शेजारच्या जोशींना फोन लावला. त्यांच्याकडे किल्ली होती. ते धावले. दूध करपून भांडं काळं पडलं होतं, पण तेवढंच. गॅस बंद झाला. राणेंनी वॉचमनला फोनवर गाठलं. त्याने वर जाऊन लिफ्ट हाताने फिरवत खाली आणायला घेतली.

तोवर काका एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने काकूंशी बोलत होते. गॅस बंद. जोशी आले. लिफ्ट येतेय. घाबरू नको. प्रत्येक खूण तिकडे पोचत होती, तिकडची प्रत्येक इकडे येत होती. काका सगळं आम्हाला सांगत होते.

लिफ्ट हलली. काकूंनी भिंत धरली, सोडली, डोळे पुसले. मग कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी म्हणाल्या. छोटंसंच, दोन-तीन खुणा.

या वेळी काकांनी आम्हाला काही सांगितलं नाही. त्यांनी काकूंना खूण केली, पुन्हा सांग.

काकूंनी पुन्हा सांगितलं.

फाल्गुनीचा चेहरा उतरला. "काय झालं काका? दिसलं नाही? फ्रेम गेली?"

काकांनी मान वर केली नाही.

"दिसलं गं," ते म्हणाले. "पहिल्याच वेळी दिसलं होतं."