शेजारच्या खाटेवरची

नव्वदच्या दशकातली गोष्ट. ठाण्याच्या हॉस्पिटलात आम्हा दोघींचे गुडघे दुसऱ्या दिवशी बदलणार होते. शेजारच्या खाटेवर कळव्याची कोळीण होती. नर्सने बांगड्या काढायला सांगितल्या, तर तिच्या दोन्ही सुना हाताला साबण चोळून, एकही फुटू न देता त्या उतरवत बसल्या. वर हसणं-खिदळणं! माझा नुसता जळफळाट झाला. माझा नवरा डबा ठेवून डोंबिवलीला परतलेला. मी एकटीनेच बांगड्या ओढल्या, मनगट सोलवटलं.

सुना चहाला गेल्यावर मी उशीत तोंड खुपसून रडले.

"तुजं बरं हाय गो बाय," ती म्हणाली. "तुला रडाला तरी मिलतं. मी रडले तर माज्या सुना घाबरतील."

तिने पदर तोंडावर ओढला. मी लंगडत दारापाशी गेले आणि सुना येताहेत का बघत उभी राहिले.